सायलेन्सरची परीक्षा सहाव्या तासाला

मोटरसायकलसाठी नवा सायलेन्सर घेणारा तो पारखतो कसा? गाडी स्टँडवर लावायची, दुकानदाराने दोनदा रेस करायची, आवाज छातीत घुमला की पाकीट काढायचे. इतर कुठल्याही सुट्या भागाची आपण अशी परीक्षा घेत नाही. टायर घेताना तो ओल्या रस्त्यावर कसा धरतो हे विचारतो, सीट घेताना दोनशे किलोमीटरनंतर पाठ काय म्हणेल याचा अंदाज घेतो. सायलेन्सर मात्र उभ्या गाडीवर अर्ध्या मिनिटात पसंत होतो आणि मग पुण्याहून हंपीपर्यंत किंवा नागपूरहून लेहपर्यंत त्याच्याशी संसार करावा लागतो. लांबच्या प्रवासाच्या गाडीला सायलेन्सर एकाच कसोटीवर निवडावा, असे माझे म्हणणे आहे : सामान लादलेल्या गाडीवर, एकसारख्या वेगात, पाच-सहा तास तो कसा वागतो. ही कसोटी लावली की बहुतेक वेळा कंपनीचा मूळ सायलेन्सरच जिंकतो. आणि तरीही बदलायचाच असेल, तर काय घ्यावे आणि कसे बसवावे तेही याच कसोटीवरून ठरते.

एग्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा नळीत नुसता धूर जात नाही, दाबाची एक लाटही सुटते. ही लाट नळी जिथे एकदम रुंदावते तिथे किंवा तिच्या उघड्या टोकाशी पोचली की तिचा काही भाग कमी दाबाची लाट होऊन मागे फिरतो. दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना ती परत आली तर जळालेला वायू ओढून काढते आणि ताज्या मिश्रणाला आत यायला वाट करून देते. अवेळी आली तर तिचा उपयोग होत नाही, उलट अडथळाच होऊ शकतो. कोणत्या आरपीएमला ती वेळेवर पोचणार, हे नळीची लांबी, व्यास आणि सायलेन्सरच्या आतली रचना मिळून ठरवतात. ‘बॅक प्रेशर गेलं की पिकअप जातो’ असे गॅरेजमध्ये म्हणतात, त्यामागचे खरे कारण हे आहे. इंजिनाला कोंडमारा आवडतो असे नव्हे. लाटेची वेळ चुकलेली असते. रॉयल एनफील्डच्या ६५० सीसी जुळ्या इंजिनाचा ५२ न्यूटन-मीटर टॉर्क सव्वापाच हजार आरपीएमच्या आसपास मिळतो, हिमालयन ४५० चा ४० न्यूटन-मीटर साडेपाच हजारांना. प्रवासात दिवसाचा बराचसा वेळ त्याच्याही खालच्या पट्ट्यात जातो. मोकळ्या सायलेन्सरचा काही फायदा होत असेल तर तो सहसा वरच्या टोकाला, जिथे टूरिंगवाला क्वचित पोचतो. मागचा डबा तेवढा बदलणाऱ्या, म्हणजे स्लिप-ऑन प्रकारात तर बेंड पाइप आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुधा मूळचेच राहतात, त्यामुळे ताकदीतला फरक नगण्य असतो. मग ‘गाडी हलकी पळते’ असे का वाटते? कारण मोठा आवाज आपल्याला वेगासारखा भासतो. खारदुंगलाच्या चढावर, जिथे हवेचा दाब जवळजवळ निम्म्यावर आलेला असतो आणि मागे दोन बॅगा असतात, तिथे हा भास उपयोगी पडत नाही. खालच्या पट्ट्यातून गेलेला थोडासा टॉर्कही तिथे जाणवतो.

आता आवाजाचे गणित. डेसिबल ही लॉगरिदमिक मोजणी आहे : ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, १० वाढले की दहापट, आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. भारतात १७५ सीसीवरच्या दुचाकीला कारखान्यातून बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा आहे. गाडी वेग घेत जात असताना साडेसात मीटरवरून आवाज मोजतात. त्याच पद्धतीने मोजल्यावर एखादा मोकळा सायलेन्सर ९० भरला, तर तो ‘थोडा मोठा’ नसतो, दहापट ऊर्जा बाहेर फेकत असतो. ग्रुप राइडमध्ये हे आणखी वाढते, कारण सारख्या आवाजाच्या दहा गाड्या एकत्र आल्या की एकूण आवाज पुन्हा १० डेसिबलने चढतो. पहाटे पाच वाजता कोकणातल्या वाडीतून असा ताफा जातो तेव्हा झोपलेल्या माणसाला ऐकू येतो तो एका गाडीचा आवाज नसतो. ताम्हिणीसारख्या घाटात तर कड्यावर आपटून तो परतही येतो.

आवाजाचा त्रास फक्त इतरांनाच होतो असेही नाही. एका सिलिंडरचे इंजिन साडेचार हजार आरपीएमला सेकंदाला सुमारे ३७ वेळा पेटते. म्हणजे आवाजाचा पाया अगदी खर्जातला. हेल्मेट वरच्या पट्टीतला आवाज थोडाफार अडवते, हा घुमणारा खर्ज जवळजवळ तसाच आत येऊ देते. दिवसभर ८५ डेसिबल ही कानांसाठी साधारण सुरक्षित मानलेली मर्यादा आहे, आणि पुढच्या दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. ताशी शंभरच्या पुढे नुसत्या वाऱ्यानेच हेल्मेटच्या आत ९५ डेसिबल ओलांडले जातात, म्हणजे त्या वेगाला हौसेने विकत घेतलेला आवाज धड ऐकूही येत नाही. आपल्या रस्त्यांवरचा खरा वेग, साठ ते ऐंशी, तिथे मात्र तो सतत डोक्यात वाजत राहतो. मागे बसलेली व्यक्ती तर सायलेन्सरच्या तोंडाच्या आणखी जवळ असते. खरेदीच्या वेळी तिचे मत कोणी विचारत नाही, ते विचारायला हवे.

यावर हमखास येणारा आक्षेप : मोठ्या आवाजामुळे ट्रकवाल्याला आपण कळतो, जीव वाचतो. हे सरसकट खोटे आहे असे मी म्हणणार नाही. अगदी बाजूला चालणाऱ्या वाहनाला आवाज कळतो. पण अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने केलेल्या, १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अपघातांच्या अभ्यासात सुमारे तीन-चतुर्थांश धोके थेट समोरून, घड्याळातल्या अकरा ते एक या पट्ट्यातून आलेले दिसले. सायलेन्सरचे तोंड मागे असते. समोरून वळणाऱ्या गाडीच्या बंद काचांतून, आत गाणी चालू असताना, आपला आवाज पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. चांगला हेडलाइट, उठून दिसणारे जॅकेट आणि हॉर्न हे काम अधिक भरवशाने करतात. आणि घाटातल्या आंधळ्या वळणावर समोरच्याचा हॉर्न आपल्याला ऐकू येणे हेही सुरक्षिततेतच मोडते.

दुसरा आक्षेप कायद्याचा : ‘पीयूसी तर पास होते.’ होते, कारण त्यात उभ्या गाडीचा धूर तपासतात, आवाज नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सायलेन्सरबद्दलच आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाने केलेल्या बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज व धुराच्या मर्यादा मोडल्यास कलम १९० मध्ये १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स रद्द होण्याची तरतूद आहे. पुंगळी काढलेली बुलेट आणि नीट बनवलेला परदेशी सायलेन्सर यांना नाक्यावरचा हवालदार एकाच मापाने मोजतो, ही तक्रार रास्त आहे. तरी युरोपातल्या मान्यतेचा ठसा इथल्या आरसीवर आपोआप लागू होत नाही. घेताना या मॉडेलसाठी भारतात मान्यता आहे का, हे बिलावर लेखी मागावे. विक्रेता चाचरला तर उत्तर मिळालेच.

मग बदलायला रास्त कारण असते का? असते. गाडी आडवी पडून डबा चेपला किंवा आतून सडला, तर बदलावाच लागतो. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होते. लांब पल्ल्यात ते वाफ होऊन निघून जाते, पण गावातल्या छोट्या फेऱ्यांत सायलेन्सरमध्ये साचते, आणि किनाऱ्यावरची खारी हवा बाहेरून साथ देते. वजन हेही कारण आहे. काही मूळ डबे खरोखर जड असतात, मात्र दोनशे किलोच्या गाडीवर सामान चढवल्यावर वाचलेल्या दोन-चार किलोंचे फार कौतुक करू नये. घ्यायचाच तर क्रोम चढवलेल्या स्वस्त नकलेपेक्षा स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. आतली रचना विचारावी. छिद्रांच्या नळीभोवती ग्लासवूल गुंडाळलेला प्रकार सुरुवातीला गोड वाजतो, पण ग्लासवूल हळूहळू जळते आणि काही हजार किलोमीटरनंतर तोच सायलेन्सर ओरडू लागतो, म्हणून ते पुन्हा भरता येते का ते पाहावे. कप्पेवाला प्रकार जड असतो, पण आवाज बदलत नाही. तोंडाशी आवाज दाबणारी नळी, म्हणजे डीबी किलर, एकाच स्क्रूवर असेल तर ती थरथरीने वाटेत पडणार असे धरून चालावे.

बसवण्याचे काम अर्ध्या तासाचे वाटते आणि तिथेच घाई होते. इंजिन पूर्ण थंड हवे. गंजलेल्या नटांना आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, नाहीतर हेडमधला स्टड तुटतो आणि हजाराचे काम दहा हजारांवर जाते. ऑक्सिजन सेन्सर काढावा लागला तर आधी त्याचा कनेक्टर सोडवावा, वायर पिळू देऊ नये. जुने पॅकिंग पुन्हा वापरू नये. सेन्सरच्या आधीच्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली गेली, तर इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, मिश्रणात पेट्रोल कमी आहे असे वाटते, तो पेट्रोल वाढवतो आणि अॅव्हरेज कमी होतो. थ्रॉटल सोडल्यावर फटाके वाजत असतील तर पुष्कळदा दोष अशाच गळक्या जोडात असतो, शौकीन त्याला गुण समजतात. सगळे नट आधी हाताने सैल लावावेत, डबा आपोआप सरळ बसू द्यावा, मग इंजिनाकडून मागे येत आवळावेत. मागचा ब्रॅकेट जोर लावून ओढून बसवला तर तो ताण खडबडीत रस्त्यावर वेल्डिंग फोडतो. काही गाड्यांत मेन स्टँड वर उचलला की मूळ सायलेन्सरवरच्या रबरी ठोकळ्यावर टेकतो. तो सायलेन्सर गेला की स्टँड थेट चेनला किंवा स्विंगआर्मला घासतो, आणि हे बहुतेकांना पहिल्या खड्ड्यात कळते. इंजिन सुरू करण्यापूर्वी स्टेनलेसवरचे बोटांचे ठसे पुसावेत, तापल्यावर ते कायमचे उमटतात. त्यानंतर बॅगा भरून आणि मागे माणूस बसवून सस्पेन्शन दाबून पाहावे. बॅग आणि डबा यांत बोटभरच जागा उरत असेल तर उष्णतारोधक पत्रा लावल्याशिवाय निघू नये. शे-दोनशे किलोमीटरनंतर थंड गाडीवर नट पुन्हा तपासावेत. जोडाभोवती काजळीची काळी रेघ दिसली तर नुसते आवळून भागत नाही, पॅकिंग नव्याने बसवावे लागते. मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नये. तेलाचा हात फिरवून, दोन्ही तोंडे बंद करून माळ्यावर ठेवावा, कारण गाडी विकताना गिऱ्हाईक आधी तोच मागते.