आठवड्याचे दोन तास फुटबॉल: दुकानदाराच्या हृदयाचा साधा हिशोब



भांडवल, जीएसटी, उधारी यावर आपण नेहमी बोलतो. आज बोलू या अशा एका यंत्राबद्दल, ज्याचा स्पेअर पार्ट बाजारात मिळत नाही. ते म्हणजे तुमचं हृदय.

केळापूर तालुक्यातलं, पांढरकवड्याच्या बाजारातलं एखादं कृषी केंद्र डोळ्यासमोर आणा. सकाळी शटर वर, रात्री शटर खाली. मधल्या दहा-बारा तासांत खुर्ची, गल्ला, मोबाईल, चार-पाच चहा आणि खर्रा. कापूस विकला जाईपर्यंत उधारी अडकलेली, त्याचं टेन्शन वेगळंच. नोकर सुटीवर गेला तर दुसरा बघता येतो. पण मालकच दवाखान्यात भरती झाला तर? शटर खाली. छोट्या धंद्यातली सगळ्यात मोठी जोखीम हीच आहे आणि तिची नोंद कुठल्याच वहीत नसते.

तुम्ही म्हणाल, "सर, आम्ही दिवसभर धावपळच करतो की!" खरं आहे. पण ती धावपळ डोक्याची असते, पायांची नाही.

हा फरक किती मोठा आहे, ते लंडनच्या बसमध्ये दिसलं. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या डबलडेकर बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांचा अभ्यास करून तो 1953 साली प्रसिद्ध केला. बस तीच, कंपनीही तीच. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर मात्र तिकिटं फाडत दिवसभर जिना वर-खाली. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण कमी निघालं. आता स्वतःला विचारा, आपल्या दुकानात आपण ड्रायव्हर आहोत की कंडक्टर?

मग फुटबॉलच का?

चालणं, सायकल, पोहणं, सगळंच चांगलं. पण फुटबॉलमध्ये माणूस जोरात पळतो, मग थोडं चालतो, वळतो, थांबतो, पुन्हा पळतो. हृदयाचे ठोके वाढतात, थोडे उतरतात, परत वाढतात. हृदय हाही एक स्नायूच. असा सराव नियमित झाला की ते एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. मग निवांत बसलेलं असताना त्याला कमी ठोक्यांत काम भागवता येतं. रक्तवाहिन्या सैल राहतात आणि बीपी उतरायला मदत होते.

डेन्मार्कमधले पीटर क्रुस्ट्रुप आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं हाच अभ्यास करत आहेत. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात बीपी वाढलेले 33 पुरुष होते, वय 31 ते 54. एका गटाने सहा महिने आठवड्यातून दोनदा, एकेक तास फुटबॉल खेळला. दुसऱ्या गटाला डॉक्टरांचा नेहमीचा सल्ला मिळाला. खेळणाऱ्यांचा वरचा बीपी सरासरी सुमारे 12 अंकांनी आणि खालचा सुमारे 8 अंकांनी उतरला. हे कुणी खेळाडू नव्हते, तुमच्या-माझ्यासारखीच माणसं होती.

दुसरं कारण धंद्याच्या भाषेत सांगतो. एकट्याने चालायला जायचं ठरवलं की पाचव्या दिवशी आळस येतो. पण नऊ जण मैदानावर वाट बघत असले की फोन येतोच, "भाऊ, कुठं राहिला?" ठरलेल्या वारी ठरलेलं गिऱ्हाईक यावं, तसा हा व्यायाम टिकतो.

मैदान नाही, किट नाही?

नागपूरचे विजय बारसे आठवा. हिस्लॉप कॉलेजमधल्या या क्रीडा शिक्षकांनी 2001 साली झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल खेळायला लावून 'स्लम सॉकर'ची सुरुवात केली. 2022 चा 'झुंड' सिनेमा त्यांच्याच कामावर आधारलेला. ती मुलं काही महागडी किट घेऊन उतरली नव्हती. आपल्याला तर एक बॉल, शाळेचं मोकळं पटांगण आणि पाच-पाच जण पुरेत.

सुरुवात कशी कराल?

- आधी बीपी आणि शुगर मोजा. चाळिशी ओलांडली असेल, आधीपासून बीपी-शुगर असेल किंवा घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला असेल, तर डॉक्टरांना विचारूनच मैदानात उतरा.
- पहिले दोन-तीन आठवडे फक्त भरभर चाला. दहा वर्षं खुर्चीत बसून एकदम जोरात पळणं, हाच खरा धोका.
- खेळण्याआधी दहा मिनिटं अंग मोकळं करा. पैज लावू नका, स्पर्धा करू नका.
- आपल्याकडचा उन्हाळा माहीत आहे ना? सकाळी ऊन चढायच्या आत खेळ संपवा, पाणी सोबत ठेवा.
- छातीत दुखलं, डावा हात किंवा जबडा भरून आला, घाम फुटला, चक्कर आली, तर लगेच थांबा आणि 108 ला फोन करा. "गॅस असेल" म्हणून बसून राहू नका.
- बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि हो, खर्रा. त्यातल्या तंबाखूमुळे ठोके आणि बीपी दोन्ही वाढतात. मैदानावर कमावलं आणि पानटपरीवर घालवलं, असा धंदा कुणी करतं का?

आता हिशोब. आठवड्यात 168 तास असतात, त्यातले फक्त दोन द्यायचे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम किंवा 75 मिनिटं जोरदार व्यायाम सांगते. फुटबॉलचे दोन तास आणि दुकानापर्यंत पायी येणं-जाणं, एवढ्यात ते बसतं.

या आठवड्याचा गृहपाठ: बीपी मोजा, तो आकडा जमाखर्चाच्या वहीत पहिल्या पानावर लिहा आणि नऊ जणांना फोन लावा. सहा महिन्यांनी त्याच पानावर दुसरा आकडा लिहायचा आहे.

चला, भेटू पुढच्या व्हिडिओत!