मुंबईत दोन घास, बसून

मुंबईला जायचं म्हटलं की आमच्या चौल-रेवदंड्याच्या बायकांची तयारी आदल्या रात्रीच सुरू होते. तांदळाच्या भाकऱ्या, एखादी सुकी भाजी, चार केळी आणि पाण्याची भरलेली बाटली. गंमत म्हणजे संध्याकाळी घरी येते तेव्हा बाटली तशीच भरलेली असते! मैत्रिणींनो, खरं सांगा, तुमचंही असंच होतं ना? पाणी प्यायलं तर मग 'जायचं' कुठे, या धास्तीनं आपण दिवसभर घसा कोरडा ठेवतो. आणि डबा? तो परतीच्या लाँचमध्ये, नाही तर एस.टी.त मांडीवर ठेवून उघडायचा. (सुकटीच्या चटणीचा डबा लोकलमध्ये उघडायची हिंमत मात्र अजून आमच्यातल्या कुणी केलेली नाही.)

पुरुषमाणूस कुठल्याही हॉटेलात शिरतो, चहा मागवतो, पेपर पसरून बसतो. आपण दारातच थबकतो. आत सगळे पुरुषच दिसतायत, एकटीनं बसलं तर बरं दिसेल का, बिल किती येईल... आणि घरचा डबा असताना बाहेर कशाला खर्च, हा आवाज तर कानात असतोच. मग स्टेशनबाहेर उभ्या उभ्या एक वडापाव, की झालं जेवण!

बचत गटाच्या कामामुळे मला महिन्या-दोन महिन्यांनी मुंबई गाठावी लागते. त्यातून माझी स्वतःची एक यादी तयार झाली आहे. 'मुंबईत काय खावं' याच्या याद्या पेपरात पुष्कळ येतात. माझी परीक्षा जरा वेगळी आहे. चव तर हवीच, पण बाईमाणसाला एकटीला तिथे निवांत बसता येतं का? हात-पाय धुवायला, मोकळं व्हायला नीट जागा आहे का? आणि नुसता चहा मागितला तरी वेटर कपाळाला आठी न घालता आणून देतो का? बस्स, एवढंच.

आपल्याकडून जाण्याची सोय आता खूप सुधारली आहे. अलिबागहून मांडव्याला जायचं, तिथून लाँच किंवा कॅटामरान थेट गेटवेला. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, पण मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याची रो-रो सुरू झाली तेव्हापासून ती पंचाईतही कमी झाली. उरणकरणींची तर चैनच! १२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी अटल सेतू उघडला आणि उरणपर्यंत लोकलही आली. आम्हाला मात्र बोटच बरी वाटते. तासाभरात पोचतो आणि त्या तासात कुणी हाका मारत नाही.

पहिला मुक्काम अर्थातच क्रॉफर्ड मार्केट. नाव महात्मा जोतिबा फुले मंडई असं झालं त्याला जमाना झाला, पण तोंडात बसलेलं नाव काही जात नाही. १८६९ सालची ही इमारत, मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाची. घाईत कुणी मान वर करत नाही, पण दारावरची दगडी शिल्पं जरूर बघा. ती रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांनी, लॉकवूड किपलिंग यांनी केलेली आहेत. आत केक-चॉकलेटचे साचे, कागदी खोके, सुका मेवा. घरगुती उद्योग करणाऱ्यांसाठी मात्र खरा खजिना बाहेरच्या गल्ल्यांमध्ये आहे. पापड-कुरडयांच्या पिशव्या, लेबलं, बॅगा यांसाठी अब्दुल रहमान स्ट्रीट. मिक्सरचं भांडं, सुटे भाग, विजेचं सामान हवं तर लोहार चाळ. मोठी पातेली, टोप, परात घ्यायची असेल तर तांबाकाटा. भुलेश्वरला पूजेचं सामान आणि खोटे दागिने, तेही असे की लग्नघरात कुणी ओळखणार नाही! ड्रेस मटेरियल आणि ब्लाउजपीससाठी मंगळदास मार्केट, फक्त रविवारी जाऊ नका, बंद असतं.

या भागात पाय दुखायला लागले की क्रॉफर्ड मार्केटसमोरचं 'बादशाह' गाठायचं. तिथला फालुदा मुंबईभर प्रसिद्ध आहे. एक फालुदा दोघींत मागितला तरी दोन चमचे येतात. तिथे खरेदीच्या पिशव्या घेतलेल्या बायकाच जास्त असतात, त्यामुळे अवघडल्यासारखं होत नाही. हॉटेल निवडायची ही माझी साधी खूण आहे. बाहेरून डोकावायचं आणि आत किती बायका बसल्यात ते मोजायचं.

तिथून गिरगाव. गिरगावात पाय ठेवला की आपल्या माणसांत आल्यासारखं वाटतं. फणसवाडीतलं 'विनय हेल्थ होम' मिसळीसाठी नावाजलेलं आहे आणि 'पणशीकर' पियुषासाठी. उपवास असेल तर गिरगाव-दादरसारखी चंगळ कुठे नाही. याच गिरगावात १५ मार्च १९५९ ला सात गुजराती बायका एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या, ऐंशी रुपये उसने घेऊन. तो आपला 'लिज्जत'! आमच्या गटातल्या बायकांना मी ही गोष्ट बैठकीत चार वेळा सांगितली असेल, पण गिरगावच्या रस्त्यावर उभं राहून सांगितली तेव्हा एकजण म्हणाली, "म्हणजे हे खरंच झालं होतं?" ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून गिरगावहून दादर अगदी जवळ आलं आहे. एकदा जिना कळला की भीती जाते.

पण मला मधल्या परळ-लालबागबद्दल जास्त सांगायचंय. कारण आपल्या भागातली बाई मुंबईला एकटी जाते ती क्वचितच खरेदीला. जास्तकरून ती दवाखान्यासाठी जाते. टाटा, केईएम, वाडिया. सगळी मोठी रुग्णालयं तिथेच. कुणाचं तरी ऑपरेशन, कुणाचे रिपोर्ट, कुणाच्या डोक्याशी बसणं. आमच्या गटातली एक वहिनी सासूबाईंच्या उपचारांसाठी सात-आठ महिने अशी परळला जात होती. पहाटेची एस.टी., रात्री उशिरा घरी. सासूबाईंना वेळेवर पेज, ज्यूस, गोळ्या. स्वतः मात्र बिस्किटाच्या पुड्यावर. पाणीही नाही. सासूबाई बऱ्या झाल्या आणि वहिनी मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गानं तापानं फणफणून पडली. "तुम्ही जेवत का नव्हता?" असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तर म्हणाली, "पेशंट मी नव्हते ना!"

या उत्तरावर काय बोलणार?

ज्या परळ-लालबागमध्ये ती उपाशी बसली, त्या गिरणगावात एकेकाळी घराघरांत खानावळी होत्या हे लक्षात घेतलं की आणखी वाईट वाटतं. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीवाटीनं राहायचे आणि त्यांच्या जेवणाचं सगळं त्या खानावळवाल्या बायका बघायच्या. कामगाराचा पगार होईपर्यंत उधारीवर वाढायचं आणि स्वतः सावकाराकडून भरमसाट व्याजानं पैसे घेऊन किराणा भरायचा, असा तो धंदा. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आज आपण गटाच्या पासबुकावर सह्या करतो, त्याची वाट त्यांनी घालून दिली म्हटलं तरी चालेल. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, खानावळीही गेल्या. आता तिथे काचेचे टॉवर आहेत.

तरीही तिथे उपाशी राहायचं कारण नाही. रुग्णालयांचं स्वतःचं कँटीन असतं, तिथे बायका भरपूर असतात, स्वस्तही पडतं. परळ-लालबागच्या मुख्य रस्त्यावर साधी उडपी हॉटेलं आहेत. इडली-सांबार आणि गरम पाणी मागा, पोटाला बाधत नाही. जास्त दिवस राहायची वेळ आली तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा, गावाकडून आलेल्या पेशंटची कितीतरी कुटुंबं तिथे राहतात. आणि लालबागपर्यंत गेलाच आहात तर मसाला घेतल्याशिवाय येऊ नका. उन्हाळ्यात तिथे बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्यांचे ढीग लागलेले असतात. आपण निवडायची, दुकानात भाजून घ्यायची आणि डोळ्यांदेखत डंकावर कुटून घ्यायची. आपला आगरी-कोळी मसाला घरचाच चांगला, हे मी कुणाच्याही बापाला सांगेन, पण मालवणी, गोडा, गरम मसाला तिथून आणायला हरकत नाही. जवळच चिवडा गल्ली आहे. मुलांना खाऊ म्हणून तेवढं पुरतं.

दादरबद्दल वेगळं काय सांगू? पहाटे गेलात तर पुलाखालचा फूलबाजार. नंतर रानडे रोड, छबिलदास गल्ली, हिंदमाताचं कापड. गाऊनपासून पैठणीपर्यंत सगळं मिळतं आणि भाव मराठीत करता येतो. स्टेशनजवळचं 'मामा काणे' १९१० पासूनचं. त्याच्या नावातच 'स्वच्छ' आहे, 'स्वच्छ उपहारगृह'! शिवसेना भवनासमोरचं 'आस्वाद' १९८६ चं. २०१५ मध्ये लंडनच्या एका स्पर्धेत त्यांच्या मिसळीला जगातली सर्वांत चविष्ट शाकाहारी डिश ठरवलं गेलं आणि तेव्हापासून रांग काही हटत नाही. रांगेत उभं राहायला वेळ नसेल तर 'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा. मासे खायचे तर 'सिंधुदुर्ग'. आता समुद्राकाठच्या बाईनं मुंबईत जाऊन मासे खावेत का, असं आमचे 'हे' विचारतात. मी म्हणते, मासे नव्हे हो, दुसऱ्या कुणीतरी साफ करून, तळून, ताटात वाढलेले मासे खायचे! हातात पिशव्या कमी असतील तर 'आयडियल'मध्ये पुस्तकं चाळते. समोर 'शिवाजी मंदिर'ला दुपारचं नाटक असलं की मन फार ओढ घेतं, पण बोट चुकते.

माझ्या यादीतलं सगळ्यात लाडकं ठिकाण मात्र माटुंग्याला आहे. सेंट्रलच्या माटुंगा स्टेशनबाहेर, बाजाराच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर रामा नायक यांनी १९४२ साली सुरू केलेलं 'उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग'. केळीच्या पानावर जेवण. भात, सांबार, रसम, भाज्या, ताक. (हे माटुंगा स्टेशनही आपल्यासाठी खास बरं का! २०१७ पासून तिथला सगळा कारभार बायका सांभाळू लागल्या, देशातलं असं ते पहिलं स्टेशन.) गेल्या फेब्रुवारीत पॅकिंगच्या सामानासाठी आम्ही अकराजणी मुंबईला गेलो होतो. त्यात ती वहिनीही होती. सगळ्यांना इथे घेऊन आले. पान मांडलं गेलं, वाढपी आला. भात घातला, थोड्या वेळानं पुन्हा आला, "आणखी?" वहिनीनं मानेनंच नको म्हटलं. तो पुढे गेला, परत आला, "रसम?" तिसऱ्यांदा आला तेव्हा तिनं पान पुढे सरकवलं. हात धुताना मला म्हणाली, "घरात सगळ्यांना 'आणखी देऊ का' विचारायचं काम माझं. मला कुणी असं सारखं विचारलंच नव्हतं हो." आणि त्या दिवशी तिनं पाणीही प्यायलं, दोन पेले.

आता त्या नाजूक विषयाबद्दल. मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' नावाची चळवळ सुरू झाली. पुरुषांना मुताऱ्या फुकट आणि बायकांना मात्र पैसे मोजा, तेही अस्वच्छ जागेसाठी, हे का? असा रोकडा प्रश्न 'कोरो'सारख्या संस्थांच्या कार्यकर्त्यांनी महापालिकेला विचारला. नाव ऐकून लोक हसले. आपल्या तालुक्यांच्या गावी तर असं मोठ्यानं बोलायलाही कुणी तयार नसतं. आमच्या गटानं एस.टी. स्टँडवरच्या स्वच्छतागृहासाठी निवेदन लिहिलं तेव्हा विषयाच्या ओळीत काय लिहायचं यावरच अर्धा तास गेला. शेवटी आमच्यातली सगळ्यात वयस्कर आजी म्हणाली, "लिवा की सरळ, बायकांना जायाला जागा नाय." तसंच लिहिलं.

मुंबईत आता मी काय करते ते सांगते. हॉटेलात शिरल्यावर मेनूकार्डाआधी विचारते, "वॉशरूम आहे का?" नाही म्हणाले तर सरळ बाहेर पडते. मेट्रोच्या स्टेशनात सोय असते, मोठ्या मॉलमध्ये असते, तिथे काही विकत घ्यावं लागत नाही. रेल्वे स्टेशनवर सुटे पैसे जवळ असू द्यावेत. गटाच्या बायकांसाठी मी हे सगळं वहीच्या एका पानावर लिहून त्याच्या झेरॉक्स काढल्या आहेत. कुठे बसता येतं, कुठे जाता येतं, कुठल्या दिवशी काय बंद असतं. परळला जाणारी कुणी असली की एसटीत बसायच्या आधी तिच्या पर्समध्ये एक कागद घालते. वहिनीनं त्यावर पेन्सिलीनं स्वतःचीही एक जागा लिहून दिली आहे. परळलाच तिला ती सापडली, पुढच्या तपासणीच्या वेळी. उडपीच आहे. आतल्या बाजूला चार टेबलं आहेत आणि मालक विचारतो, "पेशंटबरोबर आलात का? मग आधी जेवून घ्या."