मोठ्या टप्प्यांची गणना आणि शेषांचे चक्र

एकोणतिसाचा पाढा पाठांतरास अवघड समजला जातो; परंतु त्याची रचना त्याच्या नावातच सांगितलेली आहे. एकोणतीस म्हणजे एक ऊन तीस. प्रत्येक पायरीस तीस मिळवावयाचे व एक वजा करावयाचा. म्हणून २९, ५८, ८७, ११६, १४५ या ओळीत एककस्थानचा अंक दर वेळी एकाने उतरतो आणि दहा पायऱ्यांनंतर चक्र पुन्हा सुरू होते. हा आकृतिबंध २९ या संख्येचा अंगभूत गुण आहे असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. तो २९ आणि १० या जोडीचा गुण होय. दहाऐवजी दुसरा भाजक घेतला की तीच संख्या निराळी वागू लागते.

असा दुसरा भाजक १९५७ पर्यंत सर्वांच्या नित्य व्यवहारात होता. रुपयाचे सोळा आणे व चौसष्ट पैसे होत. तळेगाव दाभाडे येथील पैसा फंडाच्या काच कारखान्याचे उदाहरण या संदर्भात आठवते. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा या तत्त्वावर स्वदेशी उद्योगांसाठी निधी उभारण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या निधीतून १९०८ मध्ये हा कारखाना निघाला. सुट्या पैशांनी जमणाऱ्या अशा कोणत्याही निधीचा हिशेब लिहिताना चौसष्टाने भागून रुपये वेगळे काढावयाचे व शेष पुढे ओढावयाचा, हे ओघानेच आले.

समजा, एखाद्या पेटीत रोज २९ पैसे पडतात. रुपये बाजूला काढल्यावर उरणारे पैसे क्रमाने २९, ५८, २३, ५२, १७, ४६, ११, ४०, ५, ३४ असे येतील. वरवर पाहता यात क्रम दिसत नाही. एक पद सोडून वाचावे : २९, २३, १७, ११, ५, आणि ५८, ५२, ४६, ४०, ३४. दोन्ही ओळी सहा-सहाने उतरतात, कारण दोन दिवसांचे ५८ पैसे हे रुपयास सहा कमी असतात. ही उतरंड पुढे कोठे संपते? ० ते ६३ पर्यंतचा प्रत्येक शेष एकदा, आणि एकदाच, येऊन गेल्यावर चौसष्टाव्या दिवशी बरोबर २९ रुपये होतात व शेष शून्य राहतो. त्याआधी कोणताही शेष दोनदा आला असता, तर त्या दोन दिवसांमधील अंतरास २९ ने गुणून आलेल्या संख्येस ६४ ने भाग गेला असता. २९ विषम असल्यामुळे त्या अंतरासच ६४ ने भाग जावयास हवा, आणि ते तर ६४ हून लहान आहे.

हीच गोष्ट प्रत्येक विषम टप्प्यास लागू आहे. सम टप्प्याचे चक्र मात्र आखूड होते : टप्पा व भाजक यांचा मसावि काढून त्याने भाजकास भागले की चक्राची लांबी मिळते. ४८ पैशांच्या, म्हणजे बारा आण्यांच्या, टप्प्यात ४८, ३२, १६, ० एवढेच शेष येतात. टप्पा हजाराचा केला तरी संख्येच्या भव्यतेने काहीही बदलत नाही. हजारातून पंधरा चौसष्टे गेली की चाळीस उरतात. हजाराचा टप्पा हा चाळिसाशी समशेष आहे, आणि दोघांच्या चक्रात तेच आठ शेष येतात : ४०, १६, ५६, ३२, ८, ४८, २४, ०.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी प्रचारात आली व भाजक ६४ वरून १०० झाला. पंचवीस पैशांचा टप्पा पूर्वी चौसष्ट शेषांतून फिरत असे. तो आता चार शेषांत आटोपला. उलट, सोळाचा टप्पा चार शेषांत संपत असे, तो पंचवीस शेषांपर्यंत लांबला. पावकी, निमकी, पाऊणकी यांच्या पाठांतराचा व्यवहारातील आधारही येथेच ढळला. चौसष्ट ही संख्या सहा वेळा निमी करता येते, शंभर दोनदाच.

या बदलाचा परिणाम प्रत्यक्ष देण्याघेण्यावर झाला. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडून द्यावयाचा व अधिक असल्यास पूर्ण धरावयाचा, या नियमाने एक, दोन, तीन, चार आण्यांचे ६, १२, १९, २५ नवे पैसे होत. पुढे ३१, ३७, ४४, ५०. वाढ ६, ६, ७, ६ अशी चौकडीने फिरते, कारण सव्वासहा म्हणजे पंचवीस चतुर्थांश, आणि पंचविसास चाराने भागता शेष एक राहतो. एकेक आणा सोळा वेळा देणाऱ्यास ९६ नवे पैसेच द्यावे लागत, म्हणजे घेणाऱ्याचे चार पैसे बुडत. दोन आण्यांच्या सोळा देण्यांत तो तोटा आठ पैशांचा होई. तीन आणे सोळा वेळा देणाऱ्याचे मात्र तीन रुपयांऐवजी तीन रुपये चार पैसे जात. एकूण रक्कम एकदमच चुकती केली तर यांपैकी कोणाचेच नुकसान होत नसे; पण रोजच्या दुधाचे वा भाजीचे पैसे बहुधा एकदम दिले जात नाहीत.