कॉइलचा धूर आणि श्रावकाचा विवेक

चातुर्मास लागला की आपल्या चाकूरसारख्या गावात दोन गोष्टी वाढतात. सायंकाळी प्रतिक्रमणाला उपस्थिती वाढते आणि दुकानांतून डासांच्या कॉइल, अगरबत्त्या व द्रव औषधांचा खप वाढतो. प्रतिक्रमणात आपण चतुरिंद्रिय जीवांचीही क्षमा मागतो, डास त्यांतलाच. घरी येऊन मात्र दारे-खिडक्या लावून कॉइल पेटवतो. या हिंसेचा विचार बाजूला ठेवला, तरी त्याच बंद खोलीत आपली नातवंडे झोपलेली असतात, हे विसरता येत नाही.

कॉइलमध्ये कीटकनाशकाचा अंश अगदी थोडा असतो. उरलेला भाग लाकडाचा भुसा, करवंटीची भुकटी यांसारख्या जळणाऱ्या पदार्थांचा. खरा अपाय या जळण्याच्या धुराचा आहे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात चीन व मलेशियातील कॉइल तपासल्या गेल्या. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म धूलिकण 75 ते 137 सिगारेटींच्या धुराइतके भरले. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनीही एक कॉइल म्हणजे सुमारे 100 सिगारेटी, असा इशारा दिला होता. ही तुलना धूलिकणांपुरती आहे. तथापि दमेकरी, वृद्ध व तान्ह्या बाळाला तेवढेही पुष्कळ झाले.

द्रव औषधाला धूर नसतो, म्हणून ते निर्धोक ठरत नाही. त्यातील द्रावक बहुधा रॉकेलच्या जातीचा असतो. मुलाने ते प्यायल्यास उलटी करवू नये. द्रव फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. बाटली सोबत घेऊन तातडीने दवाखाना गाठावा.

आपल्यापैकी अनेकजण हा माल विकतातही. 1968 च्या कीटकनाशक कायद्यान्वये अशा उत्पादनांची नोंदणी आवश्यक आहे. वेष्टनावर नोंदणी क्रमांक, घटकाचे नाव आणि रंगीत त्रिकोण पाहावा. लाल त्रिकोण सर्वाधिक विषारी. त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी, निर्विष नव्हे. नाव-क्रमांक नसलेली स्वस्त अगरबत्ती दुकानात ठेवूच नये. त्या नफ्याची जमा कोणत्या खात्यावर पडते, याचा विचार व्हावा.

मग उपाय कोणता? आपल्या भागात पाणी साठवावेच लागते. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. परंतु डेंग्यूचा डास याच स्वच्छ साठ्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. तो दिवसा चावतो. रात्रीची कॉइल त्याच्यापुढे निरुपयोगीच. म्हणून बॅरल, हौद, रांजण घट्ट झाकावेत, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळून ते घासून पुसावेत, खिडक्यांना जाळी बसवावी आणि मच्छरदाणी लावावी. औषध लावणे भागच पडले, तर झोपण्यापूर्वी काही वेळ लावून बंद करावे आणि खोलीत हवा खेळती ठेवावी.

जीव जन्मालाच येऊ नये अशी व्यवस्था करणे, हे जन्मलेल्याला मारण्यापेक्षा श्रेयस्कर. यालाच आपल्याकडे यतना म्हणतात. साधू-साध्वी दंशमशक परीषह समभावाने सहन करतात; आपल्या हातून निदान हौदावरचे झाकण तरी चुकू नये.