व्हॉल्व्हचं भोक आणि चाकाच्या तारा : जुनी सायकल कशी वाचावी

बेळगावात ज्यांचं बालपण तासाच्या भाड्याच्या सायकलीवर गेलं, त्यांना दुकानाबाहेर टांगलेली चाकं आठवत असतील. मिस्त्री उलट्या सायकलीचं चाक फिरवून ‘आऊट’ काढत बसलेला असायचा. आता बरेच जण आजोबांची सायकल माळ्यावरून खाली काढून दुरुस्त करतात. रंग, घंटी, सीट याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. चाकाच्या तारा कशा ओवल्या आहेत, हे मात्र कोणी बघत नाही. खरं तर चाक बांधणाऱ्याचा हात तिथंच दिसतो.

आधी मोजणी करू. इंग्लिश पद्धतीच्या जुन्या २८ इंची सायकलीला साधारणपणे पुढे ३२ आणि मागे ४० तारा असत. मागच्या चाकावर माणसाचा आणि कॅरिअरचा भार, वर चेनची ओढ, म्हणून तिथे तारा जास्त. दुधाच्या किटल्या लावून खेड्यांतून शहरात येणाऱ्या सायकलींचं सारं ओझं या ४० तारांवरच असायचं.

या तारा हबपासून रिमपर्यंत सरळ जात नाहीत, तिरप्या जातात. तिरप्या तारांची ही पद्धत कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ साली पेटंट केली. सरळ तारांच्या चाकात पायडल मारलं की हब आधी थोडा पिळला जातो आणि मग रिम फिरतो. तारा तिरप्या असल्या की निम्म्या पुढे ओढतात, निम्म्या मागे, आणि जोर थेट रिमला मिळतो. ४० तारांच्या चाकात एक तार आपल्याच बाजूच्या चार तारांना छेदते. तीन तारांवरून एका बाजूने जाते आणि शेवटच्या तारेला दुसऱ्या बाजूने अडकवतात. ३२ तारांच्या चाकात सहसा तीन छेद.

आता व्हॉल्व्हच्या भोकाचं. रिमवर ४० तारांची ४० भोकं, म्हणजे त्यांच्यामध्ये ४० फटी. व्हॉल्व्हचं भोक यातल्या एका फटीत येतं. पण सगळ्या फटी सारख्या नसतात. ओवणीचा क्रम दर चार तारांनी फिरून येतो, त्यामुळे फटी तीन तऱ्हेच्या होतात. १० फटींत दोन्हीकडच्या तारा एकमेकींकडे झुकून लगेच कात्री धरतात. २० फटींत दोन्ही तारा एकाच दिशेला झुकलेल्या असतात. उरलेल्या १० फटींत त्या एकमेकींपासून लांब झुकतात आणि जवळपास समांतर दिसतात. हीच मोकळी फट, व्हॉल्व्ह इथंच हवा.

का? तर पंपासाठी. जुन्या व्हॉल्व्हमध्ये रबरी नळी असायची. ती सैल पडली की हवा उतरायची आणि दर दोन-चार दिवसांनी पंप मारावा लागायचा. व्हॉल्व्ह कात्रीच्या फटीत आला तर पंपाचं तोंड नीट बसत नाही आणि बोटं तारांत अडकतात. गंमत म्हणजे चाक कमजोर होत नाही, आऊटही जात नाही. चूक फक्त रोज हवा भरणाऱ्याला कळते! आणि ती सुधारायची तर सगळ्या तारा सोडून चाक पुन्हा ओवावं लागतं.

म्हणून जाणता मिस्त्री पहिली तार लावतानाच व्हॉल्व्हचं भोक बघतो. पहिली तार त्या भोकाशेजारी, मग त्याच गटातली प्रत्येक तार दर चौथ्या भोकात. अशा १० तारा झाल्या की दुसऱ्या बाजूच्या १०. मग हब असा फिरवायचा, की भोकाजवळची तार भोकापासून लांब झुकेल. उरलेल्या २० तारा उलट दिशेने येतात. काही जण आणखी एक काळजी घेतात : व्हॉल्व्हच्या भोकातून पाहिलं की हबवरचं कंपनीचं नाव समोर दिसलं पाहिजे.

आता बांधलेलं चाक तयार मिळतं, त्यामुळे हे हातकाम कमी होत चाललंय. म्हणून एक विनंती. जुनी सायकल दुकानात टाकण्याआधी चार गोष्टी टिपून ठेवा : दोन्ही चाकांच्या तारांची संख्या, छेद किती, व्हॉल्व्ह कोणत्या फटीत, आणि हबवरचं नाव कुठे. व्हॉल्व्हच्या बाजूने एक फोटोही काढा. व्हॉल्व्ह चुकीच्या फटीत आढळला तर चाक मध्ये कधीतरी घाईत पुन्हा बांधलं असावं, अशी शंका घ्यायला जागा आहे. गंजलेल्या एक-दोन तारा बदलता येतात, त्यासाठी सगळं चाक सोडायची गरज नाही. एकदा चाक सोडलं, की ते बांधणाऱ्याची खूण गेलीच म्हणून समजा.