नायट्यावरचं झटपट मलम

पावसाळ्यात जांघेत नायटा उठला की पाय दवाखान्याआधी औषधाच्या दुकानाकडे वळतात. हाती येणाऱ्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा बुरशीनाशकासोबत क्लोबेटासोलसारखं जहाल स्टेरॉइड असतं. खाज लगेच थांबते. बुरशी मात्र आतल्या आत पसरत राहते.

महिनोन्‌महिने चोळलं तर त्वचा पातळ होते, जांघेत कायमचे पट्टे उमटतात. गोरेपणासाठी लावणाऱ्यांच्या चेहऱ्यावर पुरळ, लव, लालसर शिरा दिसू लागतात.

२०१८पासून अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. कागदोपत्री!

इसबावर मात्र हेच स्टेरॉइड गुणकारी. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंतची रेघ, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम मलम, बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. किती दिवस लावायचं ते डॉक्टर सांगतात. बरेच दिवस वापरलेलं मलम बंदही त्यांना विचारूनच करावं, नाहीतर त्वचा लालबुंद होऊन आग होऊ शकते.