शाळांतील मुक्त संगणकप्रणाली आणि आपला हातभार

सन २००० च्या सुमारास परदेशस्थ गोमंतकीयांच्या मदतीने जुने संगणक गोव्यातील शाळांत आले. त्यांवर लिनक्स बसविले, कारण त्याला परवाना शुल्क लागत नाही. त्याचा दुसरा लाभ असा की मजकुराचे भाषांतर कोणीही करू शकतो.

पेडणे-डिचोलीतील मराठी प्राथमिक शाळेतल्या मुलाला बेरजेतला ‘हातचा’ कळतो. यंत्राने शब्दशः केलेले ‘वाहून नेणे’ कळत नाही. हा फरक शिक्षक आणि पालकच ओळखतील. त्यासाठी प्रोग्रामिंग यायला हवे असे नाही. खटकणारा शब्द टिपावा, योग्य शब्द त्या प्रणालीच्या भाषांतर गटाला सुचवावा. तपासणीनंतर तो पुढील आवृत्तीत येतो आणि ती वापरणाऱ्या सर्व मराठी शाळांना मिळतो. सभासदांनी आठवड्यातून एक तास जरूर द्यावा.